चिमणाबाईंच्या म्हशीवरचा आळ

टक्.

रविवारची दुपार होती. वीज गेली होती, पंखा थांबला होता, आणि महांतेश तोंडावर पेपर पसरून असा झोपला होता की पेपरातल्या बातम्याही हळूहळू वरखाली होत होत्या. त्या सगळ्या शांततेत स्वयंपाकघरातून एवढाच आवाज आला. लाडवांच्या पितळी डब्याचं झाकण उघडल्याचा.

प्रेरणानं मान वर केली नाही. तिला उलट बरंच वाटलं. सासूबाई जाग्या आहेत आणि शांभवीच्या पोटात काहीतरी जातंय, हे दोन्ही निरोप त्या 'टक्'मधून तिला पोचले. दुपारचा हा अर्धा तास तिचा स्वतःचा असायचा. त्यात ती विमा कंपनीनं फुकट दिलेल्या जुन्या डायरीत लिहीत बसायची. शांभवी आज काय म्हणाली, कुठल्या शब्दाला अडखळली, देवाला हात जोडून काय मागितलं. पाच वर्षांची पोरगी, पण बोलणं असं की लिहिणाऱ्याचा हात दुखावा. मात्र अंगावर मूठभर मांस नाही. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत कुणीही वाटेत गाठून विचारावं, "पोरगीला घालता का न्हाय काय खायाला?" आणि प्रेरणानं ओशाळं हसावं, हे ठरूनच गेलं होतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त लागायचा तो आक्कांना. आक्का म्हणजे महांतेशच्या आई. माहेर आजऱ्याचं, भाषा अर्धी मराठी अर्धी कन्नड, आणि लोकांना खायला घालणं हा त्यांचा एकमेव छंद. अख्खं घर त्यांना आक्का म्हणे, नातसुद्धा. नात हडकुळी राहिली तर तो आपल्या हाताचा जाहीर अपमान आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

तर त्या रविवारी साडेचारला शांभवी शेजारच्या चिमणाबाईंच्या गोठ्यातून दूध पिऊन आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "आई, माझ्या पाठीत मुंग्या शाळेला चालल्यात."

प्रेरणानं फ्रॉक वर केला. पाठीवर, पोटावर, मांड्यांवर लाल लाल गांधी उठल्या होत्या. नकाशात बेटं दाखवतात तशा.

"पित्त हाय," आक्का म्हणाल्या. "घोंगडी आणा."

त्यानंतरचा तासभर घर कुणाचंच राहिलं नाही. चिमणाबाईंनी गेरू आणला. त्यांच्या यजमानांनी, गणपतरावांनी, दारातून तीन सूचना केल्या: आमसुलाचं पाणी लावा, पोरीला उन्हात उभी करा, पोरीला उन्हात अजिबात उभी करू नका. शेवटच्या दोन्ही सूचना त्यांनी सारख्याच ठामपणे केल्या. शांभवीला गेरू फासला, वर घोंगडीत गुंडाळली, आणि घोंगडी टोचते म्हणून ती रडायला लागली तेव्हा बर्फीचं आमिष दाखवलं. सहा वाजता गांधी आपोआप विरल्या. गेरू मात्र गुरुवारपर्यंत टिकला.

"गेरूनंच गेलं," चिमणाबाई म्हणाल्या.

"घोंगडीनं," आक्का म्हणाल्या.

पुढच्या रविवारी, साडेचारला, पित्त पुन्हा उठलं.

आता मात्र हे पित्त आहे की पाहुणा, असा प्रश्न पडला. सोमवार ते शनिवार पोरगी ठणठणीत. रविवार उजाडला, दुपार कलली, की अंगावर बेटं. फॅमिली डॉक्टरांनी सिरप दिलं आणि सांगितलं, "काहीतरी बाधतंय तिला. रविवारीच काय होतं ते शोधा."

प्रेरणाला असं कुणी सांगायचाच अवकाश होता. लग्नाआधी ती बारावीला जीवशास्त्रात जिल्ह्यात नाही, पण कॉलेजात तरी पहिली आली होती, आणि त्या गोष्टीचा उपयोग गेल्या सात वर्षांत फक्त भेंडी उभी चिरताना झाला होता. तिनं डायरीचं नवं पान उघडलं आणि वर लिहिलं: 'रविवार. संशयित.'

पहिला संशयित होता गुलाबी फ्रॉक. महाद्वार रोडवरून आणलेला, कॉलरला टोचरी जाळी लावलेला, रविवारीच अंगात घालायचा म्हणून ठेवलेला. तो परत करायला प्रेरणा गेली तेव्हा दुकानदारानं फ्रॉक उलटासुलटा करून पाहिला.

"फाटलाय कुठं?"

"फाटला नाही. बाधतो."

"बाई, चाळीस वर्षं दुकान हाय. कापड आटतं, विटतं, उसवतं. बाधलेलं मी तरी न्हाय बघितलं."

फ्रॉक परत घेतला नाही तो नाहीच. प्रेरणा वाटभर मान खाली घालून आली. शांभवीनं फ्रॉक जाताना पाहिला, परत येताना पाहिला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात बंद होताना पाहिला. रडली नाही. नुसती बघत राहिली. आक्कांना ते बघवेना. त्या रविवारी दोन वाजता डब्याचं झाकण जरा जोरातच वाजलं.

टक्.

साडेचारला पित्त आलं. आधीपेक्षा दाट.

दुसरी संशयित होती शिकेकाई. रविवार हा डोक्यावरून न्हायचा दिवस, आणि शिकेकाई आक्का स्वतः कुटायच्या. प्रेरणानं हे नाव फार जपून, भाजी निवडता निवडता, खाली बघत काढलं.

"माझी शिकेकाई?" आक्का म्हणाल्या. "यव्वा! माझ्या आईचं केस ऐंशीव्या वर्षी कमरंच्या खाली होतं."

"तसं नाही आक्का, एक रविवार नुसतं शाम्पूनं बघू."

"बघा की. मी कोण सांगणारी? मी कुटायचं तेवढं काम करते."

दोन दिवस त्या घरात मिक्सरसुद्धा दबक्या आवाजात फिरला. रविवारी शाम्पू लावला. शांभवीला शिकेकाईपेक्षा आक्कांच्या मांडीवर बसून न्हायला आवडायचं; ते गेलं. म्हणून न्हाणं झाल्यावर आक्कांनी तिला मांडीवर घेतलं, केस विंचरले आणि दोन वाजता...

पण हे पुढचं. प्रेरणाला तेव्हा एवढंच कळलं की शाम्पू लावूनही पित्त उठलं, आणि या वेळी उजवा डोळाही थोडा सुजला. रात्री तिला झोप लागली नाही. अंगावर गांधी येणं वेगळं. डोळा सुजला म्हणजे ते अंगावरून आत चाललंय, असं तिच्या मनानं घेतलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

मग उरली म्हैस.

इथं म्हशीबद्दल चार शब्द सांगायलाच हवेत, कारण ती साधी म्हैस नव्हती. चिमणाबाईंची सगुणा दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं घालून गणपतरावांच्या मोपेडमागं धावायची, आणि पेठेतली माणसं तिला नावानं ओळखायची. त्याच पेठेत तीस वर्षं राहिलेल्या महांतेशला लोक अजून 'ते आक्कांचे चिरंजीव' म्हणत. इतर दिवशी शाळा पाचला सुटायची म्हणून शांभवीला सगुणाचंच, पण घरी तापवलेलं दूध मिळे. पण रविवारी सव्वाचारला ती पितळी फुलपात्र घेऊन गोठ्यात जायची आणि चिमणाबाई तिच्यासाठी धार काढायच्या. फेसाची मिशी घेऊन ती साडेचारला परत यायची. रविवारी, साडेचारला. प्रेरणानं डायरीत हे दोन शब्द दोनदा अधोरेखित केले. चिमणाबाईंना हे सांगायचं कुणी?

"सांगायचं कशाला?" महांतेश म्हणाला. "आधी तपासून घेऊ. गुपचूप."

महांतेश उद्यमनगरात एका कारखान्यात सुपरवायझर होता. कुठलीही अडचण नमुना घेऊन तपासायला पाठवली की निम्मी सुटते, अशी त्याची श्रद्धा होती. औषधाच्या रिकाम्या बाटलीत दूध घेऊन तो दूध तपासून देणाऱ्या ऑफिसात गेला. खिडकीत पिराजी नावाचे कारकून होते.

"तक्रार कशाची? पाण्याची?"

"नाही, पित्ताची."

पिराजींनी छापील कागद वरून खाली वाचला. "पाणी हाय. साखर हाय. पीठ हाय. युरिया हाय. पित्ताचा रकाना न्हाय."

"मग 'इतर'मध्ये लिहा."

"'इतर' लिहिलं की जनावराच्या डॉक्टरचा दाखला लागतोय. दाखल्यावर जनावराच्या मालकाची सही लागती. आणा, मी हाय पाचपतोर."

चिमणाबाईंची सही आणायची, आणि तीही त्यांच्याच म्हशीच्या विरोधात! महांतेशनं क्षणभर विचार केला आणि आयुष्यातली मोठी चूक केली. त्यानं 'भेसळीचा संशय' या रकान्यात खूण केली. शिवाय पत्त्याच्या जागी, माणूस सरळ असल्यामुळे, खरा पत्ता लिहिला.

निकाल आला. भेसळ नाही. फॅट आठ पूर्णांक एक.

आता कोल्हापुरात आठच्या वर फॅट लागलेल्या दुधाची बातमी कागदावर राहत नाही. त्या संध्याकाळी पेठेत एक सायकल शिरली. हँडलला किटली अडकवलेली, वर पिराजी.

"पावणं," त्यांनी नेमकं गणपतरावांनाच विचारलं, "आठ फॅटवाली म्हैस कुणाची हो? ह्या शेजारच्या पत्त्यावरनं भेसळीची तक्रार आल्ती. तसलं दूध मी नोकरीत बघितलं न्हाय. रोज एक लिटर बांधून मिळंल का?"

पुढं काय झालं ते प्रेरणानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. खरं तर खिडकी लावली असती तरी ऐकू आलं असतं.

"भेसळ? माझ्या सगुणाच्या दुधात भेसळ? कोन म्हनतंय? तोंड दावा की जरा! आगं, ह्या दुधावर माझं दोन भाऊ पैलवान झालं! आनि ह्या चष्मेवाल्याच्या पोरीला जिची धार काढून पाजली, तिच्यावर तक्रार? कागदावर?"

'चष्मेवाल्या' महांतेशनं चष्मा काढून खिशात ठेवला. त्यानं काही फरक पडला नाही.

प्रेरणा बाहेर गेली. सांगायला लागली, की भेसळ नव्हे, पित्त, रविवार, साडेचार. पण डायरीत एवढं चोख दिसणारं सगळं गल्लीच्या मध्यभागी उभं राहून सांगताना अगदी पोरकट वाटत होतं.

"मला सांगायचं हुतंस की," चिमणाबाई शेवटी एकदम हळू म्हणाल्या. ओरडत होत्या तोवर प्रेरणाला भीती वाटत होती. त्या हळू बोलल्या तेव्हा लाज वाटली. "चिमणाबाई, दूध बाधतंय का बघा, एवढंच म्हनायचं हुतंस. म्या काय पोरीची वैरीन हाय?"

दुसऱ्या दिवसापासून दूध बंद झालं. बोलणंही बंद झालं. गणपतराव तेवढे भिंतीपलीकडून खोकत, म्हणजे आपलं व्यक्तिशः काही म्हणणं नाही.

पाचवा रविवार. फ्रॉक कपाटात, शिकेकाई फळीवर, म्हैस शत्रुपक्षात. प्रेरणानं सगळ्या वाटा बुजवल्या होत्या. सव्वाचारला शांभवी फुलपात्र घेऊन दारापर्यंत गेली आणि रिकामं फुलपात्र घेऊन परत आली. आज पित्त येणं शक्यच नव्हतं. शास्त्राच्या दृष्टीनं नव्हतं.

साडेचारला पित्त आलं नाही. पावणेपाचला आलं आणि या वेळी एकटं आलं नाही. ओठ सुजले. शांभवी खोकायला लागली आणि खोकल्यामधून घोगऱ्या, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात म्हणाली, "आई, गळ्यात कायतरी बसलंय."

महांतेशनं स्कूटरला किक मारली. पाच मारल्या. दहा मारल्या. स्कूटर नुसतीच दम लागल्यासारखी करत राहिली. प्रेरणा पोरीला कडेवर घेऊन गल्लीत पळाली, कुठं पळायचं ते न ठरवता. तेवढ्यात मागून चिमणाबाईंची आरोळी आली. ती आरोळी आठवली की प्रेरणाच्या अंगावर अजून काटा येतो.

"आवं, मोपेड काढा! पोरीचं त्वांड बघा!"

गणपतरावांनी मोपेड काढली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकलेल्या. त्या सोडायला वेळ नव्हता. मध्ये प्रेरणा, मांडीवर शांभवी, आणि सगुणाच्या दुधाचे शिंतोडे उडवत ही मिरवणूक राजारामपुरीकडं निघाली. ज्या म्हशीवर तक्रार केली तिच्याच दुधात भिजत डॉक्टरकडं जाण्याची वेळ फार कमी लोकांवर येत असेल. पण त्या वेळी प्रेरणाला मानापमानाचं भान नव्हतं. ती शांभवीच्या छातीवर हात ठेवून नुसते श्वास मोजत होती.

लहान मुलांच्या डॉक्टर संयोगिता दवाखान्याच्या वरच राहायच्या. त्या हात पुसत खाली आल्या, एकदा बघितलं आणि आधी इंजेक्शन दिलं. बोलल्या त्यानंतर. अर्ध्या तासात ओठ उतरले, खोकला थांबला, आणि शांभवीनं आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "ह्या डॉक्टरकडं बर्फी आहे का?" तेव्हा कुठं प्रेरणा स्टुलावर बसली. तिच्या साडीला दुधाचा वास येत होता.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "गेल्या चार तासांत काय काय पोटात गेलं?"

प्रेरणानं पाठ म्हणून दाखवलं. फ्रॉक नव्हता, शिकेकाई नव्हती, दूध नव्हतं.

"मी काय नव्हतं ते विचारलं नाही. काय होतं?"

त्या क्षणी दवाखान्याचं दार ढकलून महांतेश आणि आक्का आत आले. रिक्षानं आले होते. आक्कांचा पदर अस्ताव्यस्त होता, डोळे लाल होते, आणि काखेत पितळी डबा होता.

"पोरीनं काय खाल्लं न्हाय बघा दुपारपासनं," आक्का डॉक्टरांना म्हणाल्या. "दोन घास तरी घालते." आणि त्यांनी झाकण उघडलं.

टक्.

बेसन आणि साजूक तुपाचा असा वास सुटला की बाहेर बाकावर बसलेले गणपतराव आत आले.

"थांबा आज्जी," डॉक्टर म्हणाल्या. "आज दुपारी दिला होता यातला?"

"दिला की. दर रविवारी देते, न्हाल्यावर. आज दोन दिले. फ्रॉक घेतला हिनं काढून, दूध केलं बंद, पोरगीनं करायचं काय?"

"काय काय आहे यात?"

बघा, कुणी तरी एकदाचं विचारलं! आक्कांचा चेहरा खुलला. "बेसन. वेलदोडा. तूप, हात आखडून न्हाय, लाडू मोडला तर बोटाला ओघळ यायला पायजे असं. आणि..." त्यांनी सुनेकडं विजयी नजर टाकली, "आजऱ्याचा काजू. माझा भाऊ पाठवतो. वस्त्रगाळ कुटून घालते, वाटीभर. नुसता दिला तर ही भवानी थुंकते. लाडवात कळत न्हाय तिला. बघा, सहा लाडू गेले की न्हाय पोटात? पाच रविवारांत? डोकं लागतं त्याला!"

प्रेरणानं डब्यात डोकावून पाहिलं.

डॉक्टर शांभवीकडं वळल्या. "काजू का नाही आवडत गं तुला?"

"काजू टोचतो," शांभवी म्हणाली.

"कुठं?"

"इथं. आणि इथं." तिनं ओठ दाखवला, मग जीभ. "मी सांगते सगळ्यांना. सगळे हसतात."

"आणि लाडवातला?"

शांभवीनं विचार केला. "लाडवात नाही टोचत. लाडवात तो झोपलेला असतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, आतापर्यंत या खोलीत एवढं नेमकं कुणी बोललं नाही," त्या प्रेरणाला म्हणाल्या, आणि मग समजावून सांगायला लागल्या. तिला काजू चालत नाही असं दिसतंय. नुसता काजू तोंडात गेला की ओठ-जीभ लगेच चुणचुणतात आणि पोर थुंकून टाकतं. म्हणजे शरीरच सांगतं, थांब. पण तोच काजू भरपूर तुपात घोळवला की जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. स्निग्ध पदार्थ पोटातूनही सावकाश पुढं सरकतो. त्यामुळं त्रास लगेच होत नाही, दोन-अडीच तासांनी होतो, आणि तोवर थुंकण्याऐवजी दोन लाडू पोटात गेलेले असतात. "म्हणून तुम्ही साडेचारचे आरोपी शोधत बसलात. गुन्हा दोनला होत होता."

रक्त तपासायला बाहेरगावी पाठवायचं ठरलं. तोवर काजू घरातून बाद. भाजीच्या वाटणात नाही, बर्फीत नाही, आणि 'बघू तरी जरासा' म्हणून कुणी देऊन बघायचा नाही. ही शेवटची ओळ त्यांनी गणपतरावांकडं बघून सांगितली, कारण त्यांनी तोंड उघडलं होतं.

आक्कांनी डबा बंद केला. या वेळी झाकणाचा आवाज झाला नाही.

घरी आल्यावर प्रेरणानं जुन्या डायरीची पानं उलटली. तिला काय शोधायचंय ते माहीत होतं, आणि ते सापडू नये असंही वाटत होतं. सापडलं. दोन वर्षांपूर्वीचं पान, तिचंच अक्षर: 'आज शांभवी म्हणते, काजू टोचतो! काजूला काय काटे असतात? आम्ही हसून हसून बेजार.' पुढं तिनं एक हसरा चेहराही काढला होता.  एवढी बारावीला पहिली आलेली बाई, पण उत्तर स्वतःच्या हातानं लिहून ठेवून त्यावर हसलेली.

सोमवारी सकाळी ती चिमणाबाईंच्या दारात उभी राहिली. रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यांतलं पहिलंच विसरली.

"चिमणाबाई, चुकलं माझं. माफी मागायला..."

"माझी मागू नगंस," चिमणाबाई शेण भरता भरता म्हणाल्या. "मला काय झालंय? आळ तिच्यावर घेतलास. तिची माग."

प्रेरणाला वाटलं, थट्टा आहे. चिमणाबाईंचा चेहरा थट्टेचा नव्हता. त्यांनी तेलाची वाटी तिच्या हातात दिली. "शिंगाला लाव. चोळून. नुसतं टेकवू नगंस."

तोवर गल्लीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. कॉलेजात पहिली आलेल्या प्रेरणा महांतेश यांनी साडीचा पदर खोचला आणि सकाळी साडेसातला, पेठेच्या साक्षीनं, एका म्हशीच्या शिंगांना तेल लावलं. सगुणानं मोठ्या मनानं डोळे मिटले. दुसरं शिंग पुढं केलं. गणपतराव सूचना करत होते: बुंध्याकडून टोकाकडं, टोकाकडून बुंध्याकडं.

"झालं," चिमणाबाई म्हणाल्या, आणि त्यांचं हसू फुटलं. "फुलपात्र पाठव रईवारी. आनि तुझ्या नवऱ्याला सांग, चष्मा घालत जा म्हनावं. काल गल्लीत मला बघून खांबावर आदळला."

म्हशीशी समेट झाला. फ्रॉक कपाटातून खाली आला. शिकेकाई फळीवरून खाली आली, आणि शांभवी पुन्हा मांडीवर बसून न्हाऊ लागली. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात काजूचंच नाव होतं. पिराजींचं एक लिटर बांधलं गेलं. एक माणूस तेवढं जाग्यावर आलं नाही.

आक्का स्वयंपाक करत, पण गोडाला हात लावत नसत. पितळी डबा त्यांनी घासून पुसून माळ्यावर उपडा घातला होता. आजऱ्याच्या भावाला पत्र गेलं, काजू पाठवू नको. कारण लिहिलं नव्हतं. शांभवीला वाढताना त्या ताटात काय आहे ते सुनेला मोठ्यानं वाचून दाखवत. वरण, भात, तूप, मीठ. जणू पोलीस उभा आहे. जेवायला वाढणं हाच जिचा छंद, ती बाई प्रत्येक घासाला परवानगी मागायला लागली. हे प्रेरणाला बघवत नव्हतं. पित्तापेक्षा ते अवघड होतं. त्याला गेरू नव्हता.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले तेव्हा तिनं स्टूल घेतलं, माळ्यावरून डबा काढला आणि आक्कांसमोर ओट्यावर ठेवला.

"बेसन दळून आणलंय," ती म्हणाली. "चिमणाबाईंनी सगुणाचं लोणी दिलंय. ते कढवायचं मला जमत नाही, करपतं."

आक्कांनी डब्याकडं बघितलं. "माझ्या हाताला नको सांगू, यव्वा. ह्या हातानंच..."

"ह्या हातानंच करा. मी शेजारी उभी राहते. काय घालताय ते मला शिकायचंय."

आक्कांनी डबा उजेडाकडं धरला आणि आतून बोट फिरवून पाहिलं. मग त्यांनी पदर खोचला.

तूप कढलं. बेसन भाजायला घेतलं. घरभर तो खमंग वास भरला, भिंतीपलीकडं गणपतराव अपेक्षेनं खोकले. शांभवी गुलाबी फ्रॉक घालून ओट्याला टेकून उभी होती. आक्का कढईत पळीपळीनं तूप सोडत होत्या. प्रत्येक पळीला आधी सुनेकडं बघत होत्या, मग नातीकडं. चौथ्या पळीला बघायच्या विसरल्या आणि मुक्त हातानं ओतलं, तेव्हा प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर फार झालाय, असं ती म्हणाली.

शांभवी कढईत डोकावून बघत होती. तूप बेसनात कसं मुरतं, दिसेनासं कसं होतं, ते तिनं नीट पाहून घेतलं. तिचं डोकं चालू होतं, हे तिच्या भुवयांवरून कळत होतं.

"आई."

"अं?"

"डॉक्टर म्हणाल्या, तुपानं काजूला लपवलं. म्हणून मला कळलं नाही."

आक्कांची पळी थांबली.

"हो, म्हणाल्या तसं."

"पण तूप तर आक्का मला जाड होण्यासाठी घालते ना? माझ्यासाठीच ना?"

"हो गं. तुझ्यासाठीच."

शांभवीनं आईकडं पाहिलं, मग आक्कांकडं, मग पळीतून हळूहळू ओघळणाऱ्या त्या सोनेरी धारेकडं.

"मग तूप कुणाच्या बाजूचं होतं? माझ्या, का काजूच्या?"